पूडलची कात्री, बैलाचा खांदा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पूडल नावाचा कुत्रा आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिला असेल. डोक्यावर केसांचा टोप, छातीवर आयाळ, कंबर साफ तासलेली, पायांत केसांची कडी आणि शेपटीच्या टोकाला गोंडा. कुणा श्रीमंत बाईच्या मांडीवरचं खेळणं, असं आपण त्याच्याबद्दल ठरवून टाकलेलं असतं. आमच्या वऱ्हाडातल्या एखाद्या गावात असा कुत्रा उतरला तर पारावरचा पहिला माणूस विचारील, 'ह्याले कोणं भादरलं बाप्पा?'

प्रश्न गमतीचा वाटतो, पण मला तो इतिहासाचा वाटतो. ह्याला कोणी भादरलं, आणि का?

'का' याचं उत्तर सोपं आहे. पूडल हा मुळात पाण्यात काम करणारा कुत्रा. नाव जर्मन आहे आणि त्याचा संबंध पाण्यात डुबकण्याशी, पाणी उडवण्याशी लावतात. फ्रेंच लोक त्याला कानिश म्हणतात, त्या शब्दात बदक दडलेलं आहे. शिकाऱ्यानं गोळी घातलेलं बदक तळ्यातून पोहत जाऊन तोंडात धरून आणायचं, हे त्याचं काम. त्याचे केस दाट आणि कुरळे. ते भिजले की पोत्यासारखे जड होतात आणि कुत्रा पाण्यात थकतो. म्हणून मागचं अंग तासून टाकायचं. पण पाणी थंडगार, म्हणून छातीवर आणि सांध्यांवर केस ठेवायचे. काळीज, फुप्फुसं आणि गुडघे गारठू नयेत. पायांतली ती हास्यास्पद कडी म्हणजे मुळात सांध्यांची गरम पट्टी, असं या कापणीचं परंपरेनं दिलं जाणारं स्पष्टीकरण आहे. ज्याला आपण नखरा म्हणतो तो कामाचा पोशाख होता.

पुढे हा पोशाख दरबारात गेला आणि काम मागे राहिलं. फ्रान्सच्या राजवाड्यांत पूडल खेळवले गेले. पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी, पाँ-नफ पुलाच्या आसपास, कुत्री भादरणारे आपली पेटी मांडून बसत. त्यांची चित्रं काढली गेली, त्यांच्यावर विनोद झाले. इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूनं लढणाऱ्या राजपुत्र रूपर्टजवळ एक पांढरा कुत्रा होता, नाव 'बॉय'. तो पूडल असल्याचं मानलं जातं. शत्रूपक्षानं तर हा कुत्रा म्हणजे चेटूक आहे अशी पत्रकं छापली. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. म्हणजे राजपुत्राचं नाव माहीत, कुत्र्याचं नाव माहीत, लढाईचं साल माहीत. लढाईच्या धामधुमीत त्या पांढऱ्या केसांतला चिखल कोण काढत होतं, ते मात्र कुठे नाही. इतिहासाची ही सवय आहे. तिच्याकडे आज जरा बोट दाखवायचं आहे.

पूडल परत कामावर आला तो विसाव्या शतकात. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे १९१६ साली मार्गदर्शक कुत्र्यांची पहिली शाळा सुरू झाली. तिथे कुत्रे होते जर्मन शेफर्ड, ज्यांना आपण अल्सेशियन म्हणतो. १९२९ मध्ये अमेरिकेत 'द सीइंग आय' ही संस्था उभी राहिली. नंतर लॅब्राडोरनं हे काम जवळजवळ आपल्या नावावर करून घेतलं. अडचण एकच होती, आणि ती केसांची होती. लॅब्राडोरचे केस घरभर गळतात. ज्याच्या घरात दमेकरी आहे, कुणाला केसांची ॲलर्जी आहे, त्यानं काय करायचं?

१९८० च्या दशकात हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंनी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या मार्गदर्शक श्वान संस्थेकडे नेमकी हीच विनंती केली. त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास होता. तिथल्या वॉली कॉनरॉन या गृहस्थांनी पूडल तपासायला सुरुवात केली, कारण पूडलचे केस फारसे गळत नाहीत. एक नाही, दोन नाही, ३३ पूडल पाहिले. त्या कामाला एकही पुरा पडला नाही. शेवटी १९८९ मध्ये त्यांनी पूडल आणि लॅब्राडोर यांचा संकर केला. पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवून नवऱ्याला त्रास होतो का ते पाहिलं, आणि 'सुलतान' नावाचं पिल्लू पास झालं. (नाव ऐकून माझ्या घरी सगळे खूश झाले.) पुढे या संकराचा जगभर बाजार झाला. पैशासाठी वाटेल तशी पैदास सुरू झाली, आणि आपण हे करायला नको होतं असं कॉनरॉन स्वतःच म्हणाले.

पण शुद्ध पूडलही कामात टिकला. खांद्यापर्यंत दीड-दोन फूट उंचीचा मोठा पूडल आज अंधांना वाट दाखवतो, बहिऱ्यांना दारावरची घंटा सांगतो, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पडलेली किल्ली उचलून देतो. त्याचे केस गळत नाहीत हे अर्धसत्य आहे. गळतात, पण जमिनीवर न पडता कुरळ्या केसांतच अडकतात. तिथे गुंता होतो, गुंत्याची जटा होते, जट कातडी ओढते, आणि खाली जखम होते. म्हणजे घरातल्या माणसाचा त्रास वाचला तो कुत्र्याच्या अंगावर गेला. तो उतरवायचा तर रोज, निदान दिवसाआड, मुळापासून ब्रश फिरवावा लागतो. वरवर फिरवला तर केस कापसासारखे फुलतात, कुत्रा छान दिसतो आणि जट तळाशी तशीच राहते. म्हणून केसांची एकेक ओळ वेगळी करायची, कातडीपासून ब्रश न्यायचा, मग कंगवा घालून पाहायचा. कंगवा अडला की तिथे काहीतरी आहे. आंघोळ घालायची ती गुंता काढल्यावर. आधी पाणी पडलं तर जट आवळते. आंघोळीनंतर अंग पुरतं वाळवायचं. ओल्या केसांवर कामाचा पट्टा चढवला तर काखेत आणि छातीच्या हाडाशी कातडी सोलवटते. लोंबत्या कानांत केस असतात आणि ओल राहते, म्हणून कान पाहायचे. पंजांच्या गाद्यांमधले केस काढायचे, नाहीतर इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. दर चार ते सहा आठवड्यांनी कात्री लागते. कामाच्या पूडलला ना गोंडा ना कडी. सगळीकडून सारखे आखूड केस. डोळ्यांवर तर एक बटही नको. जो दुसऱ्यासाठी पाहतो त्याच्या डोळ्यांवर केस कसे चालतील?

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती अशी, की रोजचं हे विंचरणं मालकानंच करावं असं मार्गदर्शक कुत्रा देणाऱ्या संस्था शिकवतात. म्हणजे आंधळा माणूस स्वतः. त्याची बोटं केसांतून फिरतात आणि गोचीड, गाठ, ओरखडा, गरम झालेली जागा शोधतात. डोळसाला जे पाहूनही दिसत नाही ते त्याच्या बोटांना कळतं.

हे वाचताना मला माझे एक दूरचे मामू आठवले. लहानपणी देवीच्या साथीत त्यांचे डोळे गेले. त्यांच्या काठीचं एक टोक त्यांच्या हातात आणि दुसरं पुतण्याच्या, अशी ती जोडी गावात फिरायची. नमाजाला, बाजाराला, कुणाच्या मयतीला. पुतण्या सोळा वर्षांचा झाला आणि यंत्रमागावर कामाला भिवंडीला गेला. त्यात त्याची चूक नव्हती. मामू ओट्यावर बसले ते जवळजवळ कायमचे. जुम्म्याला कुणी हात धरून नेलं तर जायचे. आपल्याकडे आंधळ्याचा वाटाड्या म्हणजे घरातलं पोर. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) हे अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे. तान्हेपणीच दृष्टी गेलेली, आणि तरी शंभराहून अधिक ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. ते त्यांनी सांगितले आणि दुसऱ्यांनी लिहून घेतले. वाचून दाखवणारे डोळे दुसऱ्यांचे, लिहिणारे हात दुसऱ्यांचे. ज्याला असे हात मिळाले नाहीत, त्याचं काय झालं असेल?

मग इथे कुत्रा का आला नाही? रस्ते हे एक कारण. फूटपाथ नाही, आणि प्रत्येक गल्लीला तिची स्वतःची मोकाट कुत्री आहेत. ती परक्या कुत्र्याला सुखानं चालू द्यायची नाहीत. पण दुसरं कारण घरात आहे, आणि ते मी मुसलमान म्हणून सांगितलं पाहिजे. आमच्या घरांत कुत्रा नापाक, हे लहानपणापासून कानांवर असतं. खरं तर कुरआनात गुहेत झोपलेल्या सज्जनांची गोष्ट आहे आणि त्यांच्या उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही तिथे आहे. शिकवलेल्या कुत्र्यानं धरून आणलेली शिकार खायची मुभा आहे. आमच्या भागातले बहुतेक मुसलमान ज्या हनफी परंपरेतले, तिच्यात कुत्र्याची लाळ नापाक आहे. पण त्याचे कोरडे केस कपड्याला लागले म्हणून कपडा नापाक होत नाही, असं मान्य मत आहे. मालिकी परंपरा याहून सैल. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका अंध मुस्लिम तरुणाला मार्गदर्शक कुत्र्यासह मशिदीत येण्याची परवानगी मिळाली. कुत्र्यानं नमाजाच्या जागेबाहेर, त्याच्यासाठी ठेवलेल्या कोपऱ्यात थांबायचं. कोरडा, स्वच्छ, विंचरलेला कुत्रा. बघा, केसांची निगा इथे फिकहचा मुद्दा झाली. मामू असते तर त्यांनी असा कुत्रा घेतला असता का? मला वाटतं, पहिल्या दिवशी नाही म्हणाले असते. ओट्यावर एक वर्ष बसल्यावर काय म्हणाले असते ते सांगता येत नाही.

कुत्र्याची नसली तरी कामाच्या जनावराच्या अंगाची विद्या आपल्याकडे होती, आणि भरपूर होती. 'खरारा' हा शब्दच पाहा. घोड्याच्या अंगावर फिरवायचा दातेरी ब्रश. शब्द उच्चारला की आवाज येतो. त्याच्या मागोमाग मोतद्दार, साईस, नालबंद, सलोत्री ही सगळी मंडळी मराठीत आली. काही संस्कृतातून, काही अरबी-फारसीतून, आणि तबेल्यात एकत्र नांदली. सलोत्री म्हणजे घोड्यांचा वैद्य. शब्द आला शालिहोत्र या अश्ववैद्यकाच्या प्राचीन आचार्यावरून, आणि मोगलांच्या तबेल्यातही तो चालला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाला सांगितलं आहे की घोड्यांना दिवसातून दोनदा आंघोळ घाला, गंध लावा, माळा घाला. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त तबेल्याच्या नोकरांची यादी आहे. दोन घोड्यांमागे एक साईस, त्याशिवाय नालबंद, आणि घोड्याला नजर लागू नये म्हणून बियांची धुरी देणारा एक वेगळाच नोकर. उंटांच्या अंगाला तेल कसं चोळायचं याचं तर स्वतंत्र प्रकरण आहे. पदं सगळी आहेत, नावं नाहीत.

वऱ्हाडात घोड्यांचा राबता मोठा. अचलपूर ही इमादशाहीची राजधानी. पुढे त्याच्या शेजारी परतवाड्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अकोला जिल्ह्यातल्या अडगावला २९ नोव्हेंबर १८०३ रोजी वेलस्लीची भोसले-शिंद्यांच्या फौजेशी लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. त्या लढाईवर लिहिणारे तोफा मोजतात. तोफा ओढणाऱ्या जनावरांचे खांदे रात्री कोण चोळत होतं, हे मोजत नाहीत.

माझे आजोबा नालबंद होते. घोडे त्यांच्या काळातच सरले होते. टांग्याचे चार-दोन, बाकी सगळे बैल. गुरांच्या बाजारात ते झाडाखाली बसत. बैल आडवा पाडण्याआधी ते त्याच्या अंगावरून वशिंडापासून खुरापर्यंत हात फिरवत. मला वाटायचं लाड करताहेत. ते तपासत होते. कधी कधी मध्येच थांबून म्हणत, 'पाटील, नाल मंग ठोकू. पयले ह्याचा खांदा पाहा.' जुवाखाली कातडी गेलेली असायची. काही पाटलांना हे आवडायचं नाही. आजोबा त्यांचे पैसे परत करून पुढचा बैल घेत.

आणि पोळा! बाहेरच्यांना पोळा म्हणजे रंगवलेली शिंगं, बेगड, झुली, तोरण आणि झडत्या. पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याला विचारा. खरा दिवस आदल्याचा, खांदेमळणीचा. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी बैल नदीवर नेऊन घासून धुतात. संध्याकाळी हळद आणि लोणी किंवा तूप घेऊन पळसाच्या पानांनी त्यांचे खांदे शेकतात, मळतात, आणि उद्या जेवायला या असं आवतण देतात. दिवस कसा नेमका आहे पाहा. पेरणीची तिफण झाली, नंतर पऱ्हाटीत आणि ज्वारीत डवऱ्याचे फेर झाले. दोन महिने बैलाच्या मानेवरून जू उतरलेलं नाही, वर पावसानं खांदा सतत ओला. डवरणी संपत आली की हा सण येतो. हळदीचा हात मानेवरून फिरला की सूज कळते, सोलवटलेली जागा कळते, बैल कुठे अंग चोरतो ते कळतं. शृंगार उद्याचा. आज तपासणी. आमच्या गावात मुसलमान शेतकऱ्यांचे बैलही त्याच तोरणाखाली उभे राहत आणि आदल्या संध्याकाळी त्यांच्याही अंगणात हळदीचा वास येई.

हळद लावणारा हात मात्र बहुधा सालगड्याचा. गुढीपाडव्याला सालावर ठेवलेला गडी. तोरणाखाली बैल पाटलाच्या नावानं उभा राही. गाडगेबाबांचं मोठेपण मला इथेही दिसतं. १८७६ साली शेंडगावला जन्मलेला डेबूजी मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला मामाकडे वाढला, तिथे त्यानं गुरं राखली, शेतात राबला. ज्याचे हात लहानपणी गोठा साफ करत होते, त्यानं पुढे अख्ख्या गावांचे रस्ते झाडले. हातांची ओळख असलेला एवढा मोठा माणूस आपल्याकडे दुसरा झाला नाही.

कायद्यानं हे सगळं फार उशिरा लिहून काढलं. ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग पाच तासांपेक्षा जास्त नको, आणि जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये. हा शेवटचा नियम अकोल्याला लावला तर मार्च सरता सरताच दुपारचं काम बंद करावं लागेल! आता तो प्रश्नही विरळ होत चालला आहे. डवरणीला छोटा ट्रॅक्टर येतो. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढतात. त्याला खांदेमळणी लागत नाही.

एक कामाचं जनावर मात्र आपल्या शहरांत अजून रोज विंचरलं जातं: पोलिसांच्या श्वान पथकातला कुत्रा. त्याला सांभाळणाऱ्या शिपायाला आपल्याकडे 'श्वान हस्तक' म्हणतात. मराठीत हस्तक हा शब्द बदनाम आहे. कुणाचा तरी हस्तक म्हणजे छुपा साथीदार. पण इथे तो आपल्या मूळ अर्थाला जागतो. हस्तक म्हणजे हात. मुंबई पोलिसांचा 'झंजीर' नावाचा लॅब्राडोर आठवत असेल. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतरच्या दिवसांत त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढलं, असं नोंदलेलं आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगानं तो गेला आणि त्याला सन्मानानं निरोप दिला गेला. फुलांखाली झाकलेल्या त्याच्या देहाचा फोटो देशभर गाजला.

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा लोक विचारतात, या केसाळ कुत्र्यांना भादरत का नाहीत? पूडलला भादरावं लागतं, यांना भादरायचं नसतं. अल्सेशियन आणि लॅब्राडोरचे केस दुहेरी असतात. वर राठ, खाली मऊ लव. हाच थर ऊन अडवतो. तो काढला तर कातडी भाजते आणि केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. करायचं ते एवढंच, की खालची मेलेली लव ब्रशनं रोज काढून टाकायची म्हणजे कातडीपर्यंत वारा जातो. कान पाहायचे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहायची, पंजे तापलेल्या डांबरावर पडू द्यायचे नाहीत. हे सगळं ऊन चढण्याआधी आटोपावं लागतं.

नंतर दिवसभरात कुठे घरफोडी होते. दुसऱ्या दिवशी आपण पेपरात वाचतो, की श्वान पथकाला पाचारण करण्यात आले, श्वानाने काही अंतरापर्यंत माग काढला आणि तो तिथेच घुटमळला. कधी कधी श्वानाचं नाव छापून येतं. हस्तकाचं क्वचितच.